पाटे वाढवले आणि आंबा डागाळला: देवगडच्या सड्यावरच्या एका पिकअपचं सस्पेन्शन

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक बागायतदार काका आपली पिकअप घेऊन माझ्याकडे आले. काम गाडीचं होतं, पण बोलणं सगळं आंब्याचं. घराशेजारच्या बागेतला हापूस वाशीच्या बाजारात व्यवस्थित जात होता. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या बागेतल्या मालाबद्दल मात्र दलालाचा दर दोन दिवसांनी फोन यायचा की फळ दबलेलं आहे, पिकताना डाग धरतंय. कलमं तीच, काढणारी माणसं तीच, देठासकट फळ उतरवणारा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेलाही तोच. फरक एवढाच, की सड्यावरचा माल पॅकिंगच्या शेडपर्यंत साडेपाच किलोमीटर येतो आणि त्यातले चार किलोमीटर उघड्या कातळावरचे असतात.

काकांना आधी साक्याची शंका आली होती. पण साका फळ झाडावर असतानाच आत धरतो, बाहेरून काही दिसत नाही, कापल्यावरच कळतं. इथे डाग सालीवर होते, गोलसर, फळ जिथे शेजारच्या फळाला किंवा क्रेटच्या कडेला टेकतं तिथे. मी विचारलं, डागी फळं क्रेटमध्ये खालच्या थरात सापडतात की वरच्या? काकांनी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घरी जाऊन चार क्रेट उलगडले आणि संध्याकाळी फोन केला: वरच्या थरात जास्त, आणि हौद्याच्या शेवटच्या रांगेतल्या क्रेटमध्ये सगळ्यांत जास्त.

त्या एका फोनने निम्मं निदान झालं. वजनाने चिरडलेला आंबा खाली सापडतो, थरथरीने आपटलेला वर, कारण वरच्या फळाला दाबून धरायला काही नसतं. आणि हौद्याचा मागचा टोकाचा भाग ॲक्सलच्या मागे लोंबता असल्याने तो सगळ्यांत जास्त वरखाली होतो. काका मात्र वर्षभर क्रेटची चळत कमी करत आले होते. त्यामुळे खेपा वाढल्या आणि हलक्या भरलेल्या गाडीत थरथर आणखी वाढली.

गाडी अशी का झाली होती

चारही चाकांना ओढ असलेली ही पिकअप, पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी सळई), मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). वय अकरा वर्षं. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण दोष मूळ गाडीत नव्हता, नंतर केलेल्या बदलांत होता. आणि ते बदलही कुणी वेडेपणाने केले नव्हते.

मोहोरावरच्या फवारणीसाठी नोव्हेंबरपासून याच गाडीवर हजार लिटरची टाकी चढते. टाकी आणि पंप धरून अकराशे किलोच्या घरात भार. दोन वर्षांपूर्वी तेवढ्या भाराने मागचा भाग पूर्ण बसायचा, ॲक्सल बंप स्टॉपच्या रबरी ठोकळ्यावर आपटायचा. पाटेवाल्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे वाढवून दिले. मागचा भाग उचलला गेला, तेव्हा पुढचं नाक खाली दिसायला लागलं, म्हणून दुसऱ्या कुणीतरी टॉर्शन बारचे बोल्ट आवळून पुढूनही गाडी उचलली. कातळाच्या धारेने टायर कापू नयेत म्हणून चारही टायरांत ६० पीएसआय हवा, भार असो वा नसो. प्रत्येक पावलाला एक कारण होतं. टाकीचा प्रश्न सुटलासुद्धा. काका म्हणाले, "गाडी आता बसणा नाय, पण उडता."

"उडता" या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात असा माझा अनुभव आहे. गाडीची उंची, स्प्रिंगचा कडकपणा आणि हेलकावा शमवण्याची ताकद, म्हणजे शॉकअपचं काम. लोक, आणि बरेच मिस्त्रीही, या तिन्हींना मिळून "सस्पेन्शन कडक" किंवा "सस्पेन्शन नरम" म्हणतात आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर करतात. या गाडीवर नेमकं तेच झालं होतं. उंचीच्या तक्रारीवर कडकपणाचा इलाज, मग त्या इलाजाने बिघडलेल्या उंचीवर पुन्हा बोल्टचा इलाज, आणि शमवण्याकडे कुणीच पाहिलेलं नाही.

मोजल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही

आधी वजनकाट्यावर गेलो. रिकामी गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर: ९८० किलो. फक्त मागची: ७२०. मग ९०० किलोचे क्रेट भरून पुन्हा. पुढे १०७०, मागे १५३०. म्हणजे भरलेल्या ९०० पैकी ८१० किलो मागच्या ॲक्सलवर जातात. मागचा ॲक्सल, डिफरन्शियल आणि चाकं मिळून १७० किलो धरले, तर पाट्यांवर तोललेलं वजन रिकाम्या गाडीत साडेपाचशे आणि भरलेल्या गाडीत साडेतेराशेच्या थोडं वर. मागच्या पाट्यांना अडीचपट फरक सांभाळायचा असतो. पिकअपचं सस्पेन्शन अवघड असतं ते यामुळे. मोटारीला एवढा फरक कधीच सोसावा लागत नाही.

मग टेपने मापं. चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, चारही कोपऱ्यांत, रिकामी आणि भरलेली. ९०० किलोंनी मागचा भाग फक्त ६५ मिलिमीटर बसला. बंप स्टॉपपर्यंतची फट रिकाम्या गाडीत १५० मिलिमीटर, भरलेल्या गाडीत ८५. वरकरणी उत्तम, जागाच जागा. पण चाकाला वर जायला जशी जागा लागते तशी खाली उतरायलाही लागते. मागचे शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेले होते, आणखी २५ मिलिमीटर गेले की संपले. खड्ड्यात चाक उतरलं की शॉकअप आतल्या आत ठोकर खात होता. पुढे तर त्याहून वाईट. टॉर्शन बार आवळून गाडी ३८ मिलिमीटर उचलली गेली होती आणि वरच्या आर्मच्या खाली फक्त ८ मिलिमीटर जागा उरली होती. कातळावर "ठक" असा आवाज यायचा तो तिथून. काकांना वाटायचं गाडी खाली आदळतेय. प्रत्यक्षात चाक खाली जाताना लटकून झटका देत होतं.

इथे टॉर्शन बारबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण या बाबतीत जवळजवळ प्रत्येकजण फसतो. तो बोल्ट आवळल्याने बार कडक होत नाही. बारचा कडकपणा त्याच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो. बोल्ट फक्त बारच्या मागच्या टोकाचा कोन बदलतो, म्हणून गाडी वर किंवा खाली येते. तरीही बोल्ट आवळल्यावर गाडी कडक "वाटते", कारण चाकाची खाली जायची जागा संपलेली असते आणि ते सारखं लटकून थांबतं. हल्ली शेतावर आणि रिसॉर्टवर दिसणाऱ्या छोट्या चारचाकी युटिलिटी गाड्यांत कॉइल स्प्रिंगवर फिरवायची चकती असते, तिचंही तसंच. चकती फिरवली की गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. एकूण चाकाच्या हालचालीपैकी साधारण तिसरा हिस्सा खाली उतरण्यासाठी राखायचा, हा ढोबळ नियम मला कातळावर आजवर उपयोगी पडला आहे.

दोन पाट्यांनी किती फरक पडतो

मूळ गाडीत एका बाजूला ७ मिलिमीटर जाडीचे पाच पाटे. वाढवलेले दोन पाटे ९ मिलिमीटरचे. ऐकताना वाटतं, पाचाचे सात झाले, चाळीस टक्के वाढ. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनावर चालतो. ९ भागिले ७, त्याचा घन केला तर दोनच्या थोडं वर येतं. म्हणजे वाढवलेला प्रत्येक पाटा जुन्या दोन पाट्यांएवढा. पाचाचे सात नव्हे, सव्वानऊ झाले. वाढ ८५ टक्के. गाडी ९०० किलोंना ६५ मिलिमीटर बसली होती, तेही या हिशोबाशी जुळतं. मूळ पाच पाट्यांवर ती १२० मिलिमीटर बसली असती, म्हणजे मदतीचा पाटा (भार वाढल्यावरच टेकणारा खालचा जादा पाटा) लागलाच असता.

कडकपणा आणि वजन कळलं की गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावते ते काढता येतं. वाढीव पाट्यांवर रिकामी गाडी सुमारे २.४ हर्ट्झ, भरलेली १.५. मूळ पाच पाट्यांवर रिकामी १.७ आणि भरलेली १.१. माणसाला १ ते १.५ हर्ट्झचा हेलकावा सोसतो, चालण्याच्या लयीच्या आसपासचा.

आणि इथे मी अडलो. भरलेली गाडी १.५ हर्ट्झ म्हणजे वाईट नाही. या आकड्यांवरून आंबा डागाळायला नको होता. पाटे जास्त आहेत, काढून टाका, एवढंच सांगून मी मोकळा झालो असतो तर खरं कारण हातून सुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच खेपेला गेलो. अठरा क्रेट, म्हणजे निम्मा भारही नाही. मोबाइल फोनमध्ये झटके मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचा आलेख दाखवणारी ॲप फुकट मिळतात. फोन शेवटच्या रांगेतल्या वरच्या क्रेटला चिकटपट्टीने घट्ट बांधला आणि गाडी चालवणाऱ्या पोराला म्हटलं, रोज चालवतोस तशीच चालव. घरी येऊन आलेख पाहिला, तर २ हर्ट्झजवळ फारसं काही नव्हतंच. दोन उंचवटे होते. एक ४ हर्ट्झच्या आसपास, दुसरा ९ ते १० मध्ये, आणि दुसरा मोठा.

आता फळाच्या बाजूने विचार करा. हौद्याची फळी ज्या त्वरणाने खाली ओढली जाते ते गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणापेक्षा जास्त झालं, की आंबा फळीसोबत खाली येऊ शकत नाही, तो क्षणभर हवेत राहतो आणि मग आपटतो. गाडी १.१ हर्ट्झने हेलकावत असेल तर आंबा असा सुटायला फळीने दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर हलावं लागेल, ते होतच नाही. २.४ हर्ट्झला साडेचार सेंटिमीटर पुरतात. आणि १० हर्ट्झला? फक्त अडीच मिलिमीटर. डोळ्याला दिसणारही नाही एवढी थरथर, आणि त्यात वरच्या थरातला प्रत्येक आंबा सेकंदाला दहा वेळा उडून पडतो. चार किलोमीटर, ताशी वीसच्या वेगाने, म्हणजे बारा मिनिटं. हे गणित कागदावर मांडलं तेव्हा मला त्या फळांची खरंच दया आली. वर्षभर मोहोर राखायचा, फळमाशी सांभाळायची, चौदा आणे तयार झालेलं फळ देठासकट अलगद उतरवायचं आणि मग बारा मिनिटं त्याला असं बडवायचं.

थरथर येते कुठून

त्या चार किलोमीटरांत मधला मोठा टप्पा जांभ्याची भुकटी आणि खडी दाबून केलेल्या गाडीवाटेचा आहे. तिथे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडल्या आहेत. टेपने मोजलं, दोन लाटांमध्ये साधारण ६० सेंटिमीटर. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे सेकंदाला नऊ लाटा. आणि जड ॲक्सल टायरच्या रबरावर आपली आपण नाचतो त्याची लयही नऊ-दहा हर्ट्झचीच असते. पोरगा रोज नेमक्या त्याच वेगाने चालवत होता ज्या वेगाने रस्ता ॲक्सलला त्याच्या लयीत ढकलतो.

हा नाच थांबवायचं काम पाट्यांचं नाहीच, शॉकअपचं आहे. ते बघायची माझी जुनी पद्धत आहे: खराब रस्ता संपला की गाडी थांबवायची आणि हाताच्या मागच्या बाजूने शॉकअपला हळूच स्पर्श करायचा. शॉकअप हालचालीची ऊर्जा गिळून उष्णता करतो, त्यामुळे काम करणारा शॉकअप गरम लागतो, कधीकधी चटका बसण्याइतका. मागचा डावा गरम होता. उजवा सकाळच्या हवेइतका थंड. तो खोलून हाताने ओढला तर पहिले तीन सेंटिमीटर काही विरोधच नाही, तेल गळून गेलेलं. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत दोन वर्षं ठोकरा खाल्ल्यावर सील टिकणार तरी कसं?

मग ४ हर्ट्झचा उंचवटा राहिला. त्याचं उत्तर गंजात सापडलं. रिकाम्या गाडीचा मागचा भाग दोन माणसांनी दाबला आणि सावकाश सोडला, उंची मोजली. मग चॅसीला जॅक लावून तो भाग जरा उचलला आणि सावकाश सोडला, पुन्हा मोजली. एकच गाडी, एकच वजन, पण दोन उंचींत २६ मिलिमीटरचा फरक. पाटे एकमेकांवर घासून अडकत होते. हिशोब केला तर दोन्ही बाजू मिळून सुमारे १६० किलोंचा जोर पडेपर्यंत पाटे हलायलाच तयार नव्हते. समुद्राची खारी हवा, चार महिने पावसात उभी गाडी, जांभ्याची लाल धूळ, त्यात पाटे पाचाचे सात. छोट्या लाटेला पाटे जागे होत नव्हते आणि सगळी गाडी नुसत्या टायरांवर उसळत होती. टायरांत ६० पीएसआय हवा, म्हणजे तीही दगडासारखी. टायरांवर अशी उसळणारी गाडी ३ ते ५ हर्ट्झने उसळते. माणसाच्या धडाला ४ ते ८ हर्ट्झची उभी थरथर सगळ्यांत जास्त बाधते. चालवणारा पोरगा महिनाभर कमरेला पट्टा बांधून बसत होता, हे त्याने मला त्यानंतर सांगितलं.

काही जण पाटे मोकळे करायला जुनं इंजिन ऑइल किंवा डिझेल मारतात. पहिले दोन दिवस गाडी छान वाटते. मग त्या तेलावर धूळ बसून घोटीव लेप तयार होतो आणि जवळचे रबरी बुश फुगून खराब होतात. मी ते कुणालाच सुचवत नाही.

दुरुस्ती, आणि माझी चूक

काकांना सगळं समजावून सांगितलं. वाढीव पाटे काढायचे, मूळ मापाचे नवे पाच पाटे घालायचे आणि त्यांच्याखाली एक सपाट १० मिलिमीटरचा मदतीचा पाटा, जो गाडी ७५ मिलिमीटर बसल्यावरच टेकेल. थोड्या भाराला नरम, पूर्ण भाराला कडक. जुन्या पाट्यांना पुन्हा कमान मारून घेऊ, स्वस्तात होईल, असं काकांचं म्हणणं होतं. पण भट्टीत नीट पाणी न देता नुसती ठोकून मारलेली कमान एका हंगामात पुन्हा सपाट होते, हे मी अनेकदा पाहिलंय. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "माका आंबो होयो. घाल नवे."

पाट्यांचा संच लगेच मिळाला, शॉकअप यायला चार दिवस होते. हंगाम चालू, गाडी अडवून ठेवता येत नव्हती. मी पाटे बदलले आणि जुन्या शॉकअपवरच गाडी दिली. ही माझी चूक. घासणीने अडकलेले जुने पाटे वाईट होते, पण ती घासणीच त्या मेलेल्या शॉकअपची जागा थोडीफार भरून काढत होती. नवे, साफ, प्रत्येक टोकाशी नायलॉनची चकती असलेले पाटे मोकळे हलत होते आणि त्यांना आवरायला कुणी नव्हतं. भरलेल्या गाडीने उतारावरच्या वळणावर असा हेलकावा घेतला की पोरगा गाडी तिथेच उभी करून चालत खाली आला. क्रेट अर्धे उतरवून गाडी परत आणली. कडकपणा कमी करायचा तर शमवण्याची ताकद आधी किंवा निदान सोबत हवी, ही गोष्ट मला माहीत होती, तरी घाईत मी ती बाजूला ठेवली. त्यानंतर शॉकअप जागेवर आल्याशिवाय मी पाट्यांना हात लावत नाही.

शॉकअप मागचे दोन्ही बदलले. एकच बदलला तर गाडी तिरकी वागते. पाटे बसवताना दोन गोष्टींवर मी अडून बसतो. एक, पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्यायचे आणि चार-पाच खेपांनंतर पुन्हा आवळायचे, कारण पाटे बसतात आणि बोल्ट सैल होतात. सैल यू-बोल्टने पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल सरकतो. दोन, पाट्याच्या टोकांच्या डोळ्यांतल्या आणि शॅकलच्या (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. गाडी लटकती असताना आवळले तर रबरी बुश जन्मभर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

पुढचे टॉर्शन बार सैल करताना गाडीचं नाक जॅकवर घेऊन चाकं लटकती केली, म्हणजे बोल्टवर भार नसतो. किती आटे फिरवले ते रंगाने खूण करून मोजले, गाडी खाली सोडली, दहा-पंधरा मीटर पुढे-मागे फिरवली आणि मगच उंची मोजली. जागेवर मोजलेली उंची खोटी असते, टायर जमिनीला चिकटून चाकांना पसरू देत नाहीत. तीन वेळा करावं लागलं. खालची फट ८ वरून ४५ मिलिमीटरवर आली, "ठक" गेली. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करून घेतली.

हवेवर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली. काकांना टायर कापायची भीती, आणि ती खरी आहे. जांभ्याची धार वाळूसारखी नसते, वाळूवर चालवतात तसे पंधरा-अठरा पीएसआय इथे चालणार नाहीत. टायरची कडा रिम आणि दगडाच्या मध्ये सापडून फाटते. पण ६० सुद्धा नको. फुगवून ताठ केलेला टायर धारेभोवती वळत नाही, धार त्याच्यात घुसते. शेवटी ठरलं: आंब्याच्या खेपेला पुढे ३०, मागे भाराप्रमाणे ३८ ते ४५, कातळावर ताशी पंचवीसच्या वर जायचं नाही, आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत हवा भरायची. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप शेडमध्ये ठेवला.

लाटांच्या टप्प्यात मात्र पोराला वेग आणखी उतरवायला सांगितला, ताशी बारा. सेकंदाला साडेपाच लाटा, ॲक्सलच्या लयीपासून बऱ्यापैकी दूर.

मग काय झालं

पुन्हा अठरा क्रेट, पुन्हा फोन त्याच जागी, आणि तुलना व्हावी म्हणून एकदा जुन्याच वेगाने. नऊ-दहा हर्ट्झचा उंचवटा निम्म्याहून खाली आला, चार हर्ट्झचा जवळजवळ नाहीसा झाला. आधीच्या आलेखात लाटांवर झटके सारखे गुरुत्वाकर्षणाची रेघ ओलांडत होते, आता अधूनमधून एखादा. दाबून आणि उचलून मोजलेल्या उंचींतला फरक २६ वरून ७ मिलिमीटर. ९०० किलोंना गाडी आता ९५ मिलिमीटर बसते आणि बंप स्टॉपपर्यंत ३० उरतात. काकांना ती बसलेली गाडी पाहून प्रथम अस्वस्थ वाटलं. बसणं हा दोष नाही, स्प्रिंग आहे ती बसण्यासाठीच, हे त्यांना पटायला दोन खेपा लागल्या.

फळांचंही मोजलं. दुरुस्तीच्या आधीच्या एका खेपेतले मागचे चार क्रेट काकांनी घरच्या आढीत घातले होते. पिकल्यावर सव्वातीनशेपैकी ४१ फळं डागी निघाली, पुढच्या चार क्रेटमध्ये ९. दुरुस्तीनंतरच्या खेपेत मागच्या चारमध्ये १२, पुढच्या चारमध्ये ७. हे सगळं श्रेय पाट्यांचं आणि शॉकअपचं नाही. वेग उतरला होता, हवा बदलली होती, हौद्यात खाली भाताच्या पेंढ्याचा थर आला होता आणि कमी भाराच्या खेपेत क्रेट आता केबिनला टेकवून रचले जातात, मागचं टोक रिकामं राहतं. यातल्या कशाने किती फरक पडला ते या मोजणीतून वेगळं काढता येत नाही. एकच बदल करायला मिळाला असता, तर मी शॉकअप बदलले असते.

टाकीचा प्रश्न उरला होता. सगळं उलटं वळून पाहिलं तर पाटे वाढवले गेले ते टाकीसाठी, आणि नव्या रचनेवर हजार लिटरची टाकी चढवली तर बंप स्टॉपपर्यंत जेमतेम दोन सेंटिमीटर राहतात. कातळावर ते पुरत नाहीत. टाकी अर्धी भरण्याचा पर्याय मी आधीच नाकारला. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि गाडी कलंडायला मदत करतं. काकांनी साडेसातशे लिटरची, आत आडवे पडदे असलेली टाकी घेतली, ती काठोकाठ भरायची आणि केबिनलगत बांधायची. डिसेंबरात एका फवारणीला मी सड्यावर गेलो. टाकी भरून उतारावर गाडी उभी करून फट मोजली, ३४ मिलिमीटर. दिवसाला एक खेप वाढली आहे, ती काकांनी मान्य केली.

परतताना कातळ संपला तिथे पोराने न सांगता गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि चारही शॉकअपला एकेक करून हात लावून आला. "चारी गरम आहेत, भाऊ," म्हणाला, आणि पंप काढून हवा भरायला बसला.